1955: गाड्या पुढे गेल्या, रस्ते तिथेच राहिले

ल मान्सची चोवीस तासांची शर्यत 1923 साली पहिल्यांदा झाली, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी हाच कौतुकाचा विषय होता. 1955च्या जूनमध्ये त्याच फ्रेंच शहराबाहेरच्या रस्त्यांवर जग्वार आणि मर्सिडीज ताशी 270 किलोमीटरच्याही पुढे जात होत्या. मधल्या 32 वर्षांत एक महायुद्ध होऊन गेले. इंजिने बदलली, टायर बदलले, ब्रेक बदलले. पिटसमोरच्या रस्त्याची मांडणी मात्र जवळजवळ जुनीच राहिली. एका बाजूला पिट, म्हणजे गाडी थांबवून पेट्रोल भरायची आणि चाके बदलायची जागा. पिट आणि धावता रस्ता यांच्यात भिंत नाही, वेग उतरवत आत शिरायला वेगळी पट्टी नाही. दुसऱ्या बाजूला जेमतेम कमरेपर्यंत येणारा मातीचा बांध, आणि त्याच्यामागे दाटीवाटीने उभी असलेली माणसे.

त्या वर्षीच्या जागतिक स्पोर्ट्स कार अजिंक्यपदाची हकिकत ऐकण्याआधी हा रस्ता डोळ्यांसमोर यायला हवा. कारण त्या मोसमात जे घडले, त्यातले बरेचसे गाडीचा वेग आणि रस्त्याची कुवत यांच्यात पडलेल्या अंतरातून घडले.

हे अजिंक्यपद सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. 1953 आणि 1954 अशी दोन्ही वर्षे ते फेरारीने नेले होते. ते चालकाला नव्हे, गाडी बनवणाऱ्या कंपनीला मिळे. शर्यत जिंकली तर आठ गुण, मग सहा, चार, तीन, दोन, एक. एका कंपनीच्या कितीही गाड्या पुढे आल्या तरी तिच्या सर्वांत पुढच्या गाडीचेच गुण धरायचे, आणि वर्षाअखेरीस उत्तम चार निकालांची बेरीज करायची. हा हिशेब ऑक्टोबरमध्ये पुन्हा लागणार आहे.

1955मध्ये मर्सिडीज या स्पर्धेत उतरली ती तयारीनिशी. 300 एसएलआर ही तिची नवी गाडी, तीन लिटरचे, एका ओळीत आठ सिलिंडरचे इंजिन असलेली. वजन कमी ठेवण्यासाठी तिचा सांगाडा एलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूने मढवला होता. हा धातू हलका, पण एकदा पेटला की भयंकर आचेने जळणारा. गाडीची दुबळी बाजू होती ब्रेकची. जग्वारने डी-टाइपला डिस्क ब्रेक लावले होते. मर्सिडीज अजून ड्रम ब्रेकवरच होती. म्हणून ल मान्ससाठी मर्सिडीजच्या इंजिनिअरांनी चालकाच्या पाठीमागे एक मोठे झाकण बसवले. दांडा ओढला की ते उभे राही आणि वाऱ्याच्या अडसराने गाडीचा वेग उतरे. दोन्ही गाड्या सारख्याच वेगवान, पण थांबण्याची ताकद दोघींची वेगळी. ही गोष्ट पुढे जीवघेणी ठरली.

पहिल्या दोन शर्यतींत मर्सिडीज नव्हतीच. जानेवारीत ब्यूनोस आयर्सची हजार किलोमीटरची शर्यत स्थानिक चालकांच्या फेरारीने जिंकली. मार्चमध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगला बारा तासांच्या शर्यतीनंतर पहिले कोण यावरून वाद झाला, निकाल काही दिवस अडला आणि अखेर माइक हॉथॉर्न व फिल वॉल्टर्स यांच्या जग्वारला विजय मिळाला. फेरारी दुसरी आली.

मग मे महिना उजाडला आणि इटलीतली मिले मिल्या आली. एक हजार मैलांची शर्यत, ब्रेशियाहून निघून रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशियाला यायचे. अंतर जवळजवळ 1,600 किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठल्यावर आणखी दीड-दोनशे किलोमीटर जावे, एवढा हा पल्ला. तोही बंदिस्त मैदानावर नव्हे, तर गावांच्या बाजारपेठांतून, पुलांवरून, आपेनिनो पर्वताच्या घाटांतून. पाचशेहून अधिक गाड्या एकामागून एक सुटत. सुटण्याची वेळ हाच गाडीचा क्रमांक असे. इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर रंगवलेला आकडा होता 722, म्हणजे सकाळी सात वाजून बावीस मिनिटे.

पंचवीस वर्षांच्या मॉसशेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन, लहान चणीचा, दाढीवाला पत्रकार. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकासाठी तो लिहायचा. नुसता लिहिणारा नव्हता. 1949 साली साइडकार शर्यतींत विश्वविजेत्या एरिक ऑलिव्हरचा जोडीदार म्हणून तो बाजूच्या गाडीत बसला होता. दुसऱ्याच्या हाती जीव देऊन वेगात शांत राहायची त्याला सवय होती. हजार मैलांतले प्रत्येक वळण कुठल्याही परदेशी चालकाला पाठ होणे शक्य नव्हते. इटालियन चालकांना ते रस्ते अंगवळणी पडलेले. तेव्हा दोघांनी आधी पुनःपुन्हा तो मार्ग पालथा घातला. कुठले वळण फसवे, कुठल्या चढापलीकडे रस्ता सरळ जातो, कुठे रेल्वेचे फाटक उसळी देते, हे जेन्किन्सनने टिपून घेतले. त्या टिपणांची साडेपाच मीटरच्या आसपास लांबीची कागदी पट्टी झाली. ती अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. डबीला पारदर्शक खिडकी ठेवली. रूळ फिरवला की पुढची टिपणे समोर येत, आणि कागद वाऱ्याने उडायची भीती नाही.

बोलून सांगायची सोय त्यांनी करून पाहिली होती. पण जोरात गाडी हाकताना मॉसचे लक्ष रस्त्यात इतके गुंतलेले असे की कानात सांगितलेले त्याच्यापर्यंत पोचतच नसे. म्हणून मग हाताच्या पंधरा खुणा ठरवल्या. पुढे चढ आहे आणि पलीकडचे काहीच दिसत नाही अशा जागी जेन्किन्सन खूण करी, आणि मॉस ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता, ताशी अडीचशेच्या पुढे, त्या न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घाली. शर्यतीनंतर जेन्किन्सनने आपल्या मासिकात हा सगळा प्रवास लिहिला. मोटारशर्यतीवरचे इतके उत्तम वृत्तांतलेखन मी दुसरे वाचलेले नाही. पोटात ढवळून आल्यावर तो बाहेर वाकला आणि वाऱ्याने त्याचा चष्मा उडून गेला, हे त्याने सरळ सांगून टाकले आहे. जवळ दुसरा चष्मा होता म्हणून निभावले.

पाडुआत मॉसची गाडी गवताच्या भाऱ्यांवर घसरली आणि फेरारीचा कास्तेलोत्ती पुढे निघून गेला. पण त्याने टायर फार लवकर झिजवले. रावेन्नाला तो ते बदलत थांबलेला दिसला. रोमला पोचले तेव्हा मॉस पहिला होता. परतीच्या वाटेवर राडिकोफानी, मग फ्लॉरेन्सपुढचे फुटा आणि राटिकोसा हे घाट. ब्रेशियाला ते पोचले तेव्हा 10 तास 7 मिनिटे 48 सेकंद झाली होती. सरासरी वेग ताशी 157 किलोमीटरहून अधिक. हुआन मान्युएल फँजिओ हा जगज्जेता चालक एकट्यानेच गाडी चालवत दुसरा आला, तोही अर्ध्या तासाहून अधिक मागे. ही वेळ पुढे कुणालाच मोडता आली नाही.

हा विजय मोठाच होता. पण त्या दिवशीची छायाचित्रे आज पाहिली की नजर गाडीवर ठरत नाही, रस्त्याच्या कडेला जाते. तिथे बाया, पोरे, सायकली धरलेले म्हातारे उभे आहेत, हात लांबवला तर गाडीला लागेल इतके जवळ. त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये काहीच नाही.

मे संपता संपता दोन मोठे चालक गेले. 26 तारखेला मॉन्झात अल्बेर्तो आस्कारी एका फेरारी स्पोर्ट्स कारची फेरी मारताना ठार झाला. चारच दिवसांपूर्वी मोनॅकोच्या शर्यतीत त्याची गाडी थेट बंदरात कोसळली होती आणि तो पोहत वर आला होता. 30 तारखेला इंडियानापोलिसला बिल वुकोविच गेला. शर्यतीच्या जगाला मृत्यूची सवय होती. तो चालकाने पत्करलेला धोका, असे समजले जाई. पाहायला आलेल्या माणसाने कुठलाही धोका पत्करलेला नव्हता.

11 जून, शनिवार. ल मान्सला अडीच लाखांच्या आसपास लोक जमले होते. मर्सिडीजच्या तीन गाड्या होत्या आणि त्यांचे चालक मुद्दाम निरनिराळ्या देशांचे निवडलेले. युद्ध संपून दहाच वर्षे झाली होती आणि फ्रान्सच्या भूमीवर जर्मन संघ उतरत होता. फँजिओबरोबर मॉस. जर्मन कार्ल क्लिंगबरोबर फ्रान्सचा आंद्रे सिमों. तिसऱ्या गाडीवर फ्रान्सचा पियेर लेवेग आणि अमेरिकेचा जॉन फिच. फिच युद्धात लढाऊ विमानाचा वैमानिक होता. त्याने एक जर्मन जेट पाडले होते आणि पुढे स्वतःच पाडला जाऊन जर्मनांच्या कैदेत पडला होता. आता तो जर्मन कंपनीची गाडी चालवणार होता.

लेवेगची गोष्ट तर फारच चटका लावणारी. 1952 साली त्याने याच शर्यतीत आपली टॅल्बो गाडी जवळजवळ 23 तास एकट्याने चालवली, जोडीदाराला हातही लावू दिला नाही. शेवटचा तास-सव्वा तास उरला असताना, तो आघाडीवर असताना, इंजिन तुटले. विजय गेला मर्सिडीजकडे. तीन वर्षांनी त्याच मर्सिडीजच्या संघप्रमुखांनी, आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी, त्याला गाडी दिली. लेवेग तेव्हा 49 वर्षांचा होता.

दुपारी चार वाजता शर्यत सुटली. पहिल्या काही फेऱ्या कास्तेलोत्तीची फेरारी पुढे होती. मग हॉथॉर्नची जग्वार आणि फँजिओची मर्सिडीज यांची जुंपली. चोवीस तासांच्या शर्यतीत गाडी राखून चालवायची असते. हे दोघे मात्र दोन तासांची शर्यत असावी तसे एकमेकांवर तुटून पडले. फेरीमागून फेरी विक्रम मोडत राहिले. साडेतेरा किलोमीटरच्या फेरीला हॉथॉर्नने चार मिनिटे सात सेकंदांहूनही कमी वेळ घेतला.

संध्याकाळी सहा वाजून सव्वीस मिनिटांच्या सुमारास हॉथॉर्नला पेट्रोलसाठी पिटमध्ये यायचे होते. पिटच्या अलीकडेच त्याने लान्स मॅकलिनच्या हळू चालणाऱ्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले, उजवीकडे पिटच्या बाजूला घेतले आणि ब्रेक दाबले. जग्वारचे डिस्क ब्रेक. गाडी झपाट्याने मंदावली. मागच्या मॅकलिनला तितक्या अंतरात थांबणे जमण्यासारखे नव्हते. त्याने गाडी डावीकडे काढली. डावीकडून ताशी 240 किलोमीटरच्या आसपास वेगाने लेवेग येत होता आणि त्याच्या मागे फँजिओ. लेवेगने शेवटच्या क्षणी हात वर करून आपल्याला सावध केले आणि त्यामुळेच आपण वाचलो, असे फँजिओ पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

लेवेगची मर्सिडीज ऑस्टिन-हीलीच्या उतरत्या पाठीवर चढली आणि हवेत उडाली. मातीच्या बांधावर आपटून तिचे तुकडे झाले. इंजिन, पुढचा अ‍ॅक्सल, बॉनेट हे सगळे सुटून गर्दीत घुसले. गाडीचे उरलेले धूड बांधावर पेटले आणि मॅग्नेशियमचा पांढरा जाळ उठला. लेवेग जागीच ठार झाला होता. मृत प्रेक्षकांचा आकडा 80च्या पुढे गेला. मोटारशर्यतीच्या इतिहासात इतकी माणसे एका अपघातात कधी गेली नाहीत, त्याआधीही आणि त्यानंतरही.

शर्यत थांबवली गेली नाही. शर्यतीचे संचालक शार्ल फारू यांचे म्हणणे असे की लाखो लोक एकदम घरी निघाले तर रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील. या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. मला तो त्या घडीला बरोबर वाटतो. मात्र रुग्णवाहिका निघून गेल्यावर, मध्यरात्रीनंतर, शर्यत चालू ठेवायला हे कारण उरले नव्हते.

हॉथॉर्न घाबरून पिटच्या पुढे निघून गेला होता. गाडी मागे घेता येत नव्हती, म्हणून आणखी एक फेरी मारून तो परतला आणि कोसळल्यासारखा गाडीतून उतरला. त्याची गाडी जोडीदार आयव्हर ब्यूबने हाती घेतली. ब्यूबची ही ल मान्सची पहिलीच शर्यत, आणि तिची सुरुवात बांधावरच्या त्या आगीसमोरून झाली. तिकडे फिच आपली पाळी यायची वाट पाहत तयार उभा होता. ती आलीच नाही. मृतांचा आकडा किती मोठा आहे हे कानांवर पडल्यावर त्याने मर्सिडीजच्या लोकांना गाड्या मागे घ्या म्हणून सांगितले. जर्मन गाडीने फ्रेंच माणसे मारली आणि तरी ती जिंकायला धावते आहे, हे दृश्य दहा वर्षांपूर्वीच्या जखमांवर काय करील हे त्याला कळत होते. श्टुटगार्टला फोन झाले. रात्री पावणेदोनच्या सुमारास, फँजिओ-मॉस यांची गाडी दोन फेऱ्यांनी पुढे असताना, नॉयबाउअरांनी दोन्ही गाड्या आत बोलावल्या. मर्सिडीजचे मुख्य इंजिनिअर रुडॉल्फ उलनहाउट जग्वारच्या पिटमध्ये गेले आणि तुम्हीही थांबा अशी विनंती केली. जग्वारचे संघव्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी नकार दिला.

जग्वारच्या घरातही त्या आठवड्यात सुतक होते. कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांचा मुलगा जॉन ल मान्सला येताना रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. रविवारी चार वाजता हॉथॉर्न आणि ब्यूब 307 फेऱ्या पुऱ्या करून जिंकले. शॅम्पेनच्या बाटलीसह हसणाऱ्या हॉथॉर्नचे छायाचित्र फ्रेंच वृत्तपत्रांनी छापले, आणि ते त्याला आयुष्यभर चिकटले.

चौकशी झाली. कुणा एका चालकावर ठपका ठेवला गेला नाही. हॉथॉर्नने पुढे आपल्या पुस्तकात दोषाचा रोख मॅकलिनकडे जाईल असे लिहिले. मॅकलिनने बदनामीचा दावा लावला. माझ्या मते दोष शोधायचा तर तो त्या पिटसमोरच्या पट्ट्यात शोधावा. ताशी 240च्या वेगाची गाडी आणि ब्रेक लावून थांबू पाहणारी गाडी अशा दोघींना एकाच अरुंद रस्त्यावर आणून ठेवणारी ती मांडणी होती, आणि जवळजवळ थेट पलीकडे माणसे उभी होती.

फ्रान्सने शर्यतींवर तात्पुरती बंदी घातली. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि स्पेनच्या ग्रां प्री रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर वर्तुळाकार मार्गावरच्या शर्यतींना मनाई केली, ती दशकानुदशके टिकली. अमेरिकेत शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने वर्षाअखेर या खेळातून अंग काढून घेतले. न्युर्बुर्गरिंगची हजार किलोमीटरची आणि मेक्सिकोतली कार्रेरा पानअमेरिकाना या शर्यतीही झाल्या नाहीत.

अजिंक्यपद मात्र चालू राहिले. 17 सप्टेंबरला उत्तर आयर्लंडमधल्या डंड्रॉडला टुरिस्ट ट्रॉफी झाली. कुंपणे, दगडी खांब, मातीचे बांध यांच्यामधून जाणारा चिंचोळा खेडवळ रस्ता. त्यावर तीन लिटरच्या मर्सिडीज आणि छोट्या इंजिनांच्या मंद गाड्या एकत्र सोडल्या. सुरुवातीच्या फेऱ्यांतच अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि दोन चालक गेले. शर्यत संपेपर्यंत तिसराही गेला. मॅकलिन त्या साखळी अपघातातून वाचला आणि त्यानंतर त्याने शर्यती सोडल्या. त्याच दिवशी 26 वर्षांचा झालेल्या मॉसने फिचला जोडीला घेऊन, मागचा टायर फुटून गाडीचा मागचा पत्रा फाटला असतानाही, शर्यत जिंकली. पहिल्या तिन्ही गाड्या मर्सिडीजच्या. डंड्रॉडला पुन्हा टुरिस्ट ट्रॉफी भरली नाही.

आता हिशेब. सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही एकच शर्यत उरली होती. फेरारीचे गुण 19, मर्सिडीजचे 16, जग्वारचेही 16. जग्वार सिसिलीला गेलीच नाही. मर्सिडीजला नुसते जिंकून भागणार नव्हते. फेरारी दुसरी आली तर बरोबरी होणार होती. म्हणजे पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक हवे होते.

16 ऑक्टोबरला 72 किलोमीटरच्या डोंगरी वळणावळणांच्या रस्त्यावर तेरा फेऱ्या. मॉस भरधाव सुटला, मोठी आघाडी घेतली आणि मग एका वळणावर रस्ता सोडून खालच्या शेतात उतरला. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी ढकलून गाडी परत रस्त्यावर आणली. जोडीदार पीटर कॉलिन्सने गेलेला वेळ भरून काढला. त्यालाही मध्ये एका भिंतीने चाटले. पुढचा पत्रा चेपलेली ती गाडी पहिली आली, फँजिओ-क्लिंग दुसरे, कास्तेलोत्तीची फेरारी तिसरी. मर्सिडीज 24, फेरारी 22.

काही दिवसांतच मर्सिडीजने शर्यतींतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्यामागे एकटे ल मान्स नव्हते. रोजच्या वापराच्या गाड्या घडवायला कंपनीला आपले इंजिनिअर परत हवे होते. ल मान्स पुन्हा जिंकायला तिला 1989 उजाडावे लागले, तेही साउबरच्या जोडीने.

ल मान्सला पिट पाडून मागे बांधले, समोरचा रस्ता रुंद केला, प्रेक्षकांचे सज्जे मागे हटवले. या कामामुळे 1956ची शर्यत जूनऐवजी जुलैच्या शेवटी झाली. इटलीने मात्र मिले मिल्या तशीच ठेवली. 12 मे 1957ला ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. चालक, त्याचा जोडीदार आणि रस्त्याकडेचे नऊ जण गेले, त्यांत पाच मुले होती. त्यानंतर वेगाची शर्यत म्हणून मिले मिल्या कायमची बंद झाली. मॉसची वेळ मोडली गेली नाही ती या कारणाने.

हॉथॉर्न 1958 साली जगज्जेता झाला आणि लगेच निवृत्त झाला. 22 जानेवारी 1959 रोजी इंग्लंडमध्ये गिल्डफर्डजवळ ओल्या रस्त्यावर, ओळखीच्या माणसाच्या मर्सिडीजला मागे टाकताना, त्याची जग्वार घसरली आणि तो गेला. तो 29 वर्षांचा होता. मॅकलिनचा दावा तसाच राहून गेला.

फिच बराच जगला. साठच्या दशकात तो एका साध्या कल्पनेवर काम करत होता: प्लास्टिकच्या पिंपांत कमीजास्त वाळू भरायची, पुढच्या पिंपांत थोडी, मागच्यांत जास्त, आणि ती रस्त्याच्या धोक्याच्या जागी रांगेने मांडायची. गाडी आदळली की पिंपे फुटतात, वाळू उडते आणि वेग टप्प्याटप्प्याने मरतो. चाचणीच्या वेळी गाडी पिंपांवर नेऊन आदळायला कुणी तरी हवे होते. चाकामागे फिच स्वतः बसला. अमेरिकेच्या हमरस्त्यांवर, पुलांच्या खांबांपुढे आणि रस्ता दुभंगतो तिथे, ती पिंपे आजही उभी असतात.